एकच गोष्ट, चार वेळा

मार्गरित द्युरास. फ्रेंच कादंबरीकार आणि फिल्ममेकर. आयुष्यभर ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहीत राहिली आणि सत्तराव्या वर्षी त्याच गोष्टीनं तिला जगभर पोहोचवलं. तिचं लिखाण आणि तिचे सिनेमे आज का बघायचे?

तुमच्या बाबतीत घडलेला एखादा किस्सा आठवा. घरातल्या भांडणाचा, पहिल्या प्रेमाचा, कुठलाही. तो आईला सांगताना तुम्ही एक भाग गाळलात. मित्रमैत्रिणींना सांगताना दुसराच गाळलात आणि वर थोडा मीठमसाला लावलात. डायरीत लिहायला बसलात तेव्हा भलतंच काहीतरी उतरलं. यातला खरा किस्सा कुठला?

हा प्रश्न घेऊन मार्गरित द्युरासनं जवळपास अर्धं शतक लिहिलं. तिची 'द लव्हर' ही छोटीशी कादंबरी तुमच्या ऐकण्यात असेल, किंवा त्यावरचा सिनेमा तरी. पण 'द लव्हर' हे त्या गोष्टीचं तिसरं रूप होतं. आधीची दोन वेगळी होती, नंतरचं चौथं आणखी वेगळं. एवढं करूनही तिचं समाधान झालं नाही ते नाहीच.

समुद्राला घातलेला बांध

मार्गरितचा जन्म ४ एप्रिल १९१४ चा, सायगॉनजवळचा. सायगॉन म्हणजे आजचं हो ची मिन्ह सिटी. व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि या सगळ्या मुलखाला फ्रेंच इंडोचायना म्हणत. तिचे आईवडील दोघंही शिक्षक. फ्रान्समधून नोकरीसाठी तिकडे गेलेले. मार्गरित सात वर्षांची असताना वडील गेले. मागे उरली आई, दोन भाऊ आणि ही.

वसाहतीत गरीब गोरं असणं ही मोठी चमत्कारिक अवस्था होती. चामडी राज्यकर्त्यांची, पण खिशात दमडी नाही. गोऱ्यांच्या क्लबात यांना मान नाही आणि बाजारातल्या स्थानिक लोकांच्या दृष्टीनं हे साहेबच.

त्यातून बाहेर पडायला आईनं वर्षानुवर्षं साठवलेला पैसा घातला आणि कंबोडियाच्या किनाऱ्यावर सरकारकडून जमीन घेतली. चांगली जमीन हवी असेल तर वाटप करणाऱ्या अधिकाऱ्यांना चहापाणी द्यावं लागतं, हे तिच्या गावीही नव्हतं. त्यामुळे तिच्या पदरात पडली ती दरवर्षी खाऱ्या पाण्याखाली जाणारी जमीन. भात लावायचं आणि समुद्र आत आला की डोळ्यांदेखत करपलेलं बघायचं. हार मानायची नाही म्हणून तिनं आसपासच्या शेतकऱ्यांना गोळा करून समुद्राला बांध घातला. बांध टिकला नाही. पैसा गेला आणि आईच्या मनाचा तोलही गेला.

१९५० मध्ये मार्गरितनं यावर कादंबरी लिहिली. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'पॅसिफिकला घातलेला बांध'. इंग्रजीत ती 'द सी वॉल' म्हणून मिळते. खरं तर तो समुद्र पॅसिफिक नव्हेच. पण कादंबरीतली आई हट्टानं त्याला पॅसिफिकच म्हणते. बाकीची नावं तिला फारच मामुली वाटतात. एवढ्या एका तपशिलात ती बाई डोळ्यांसमोर उभी राहते. कादंबरीत बांध पोखरतात ते खेकडे. कोकणात किंवा गोव्यात खाजणाच्या बांधाची भोकं बुजवणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही आई ओळखीची वाटेल.

खऱ्या आईनं मात्र पुस्तक वाचलं आणि ती दुखावली. आपल्या कष्टांची कहाणी तिला त्यात दिसली नाही, आपल्यावरचा आरोप दिसला. हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

माणूस एक, चेहरे चार

आता त्या प्रसिद्ध गोष्टीकडे येऊ. गोष्ट थोडक्यात अशी: पैशानं गांजलेल्या गोऱ्या घरातली शाळकरी मुलगी आणि तिच्यावर भाळलेला एक श्रीमंत तरुण. एवढा सांगाडा चारही वेळा तोच. बाकी सगळं बदलत जातं.

पहिलं रूप दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या वह्यांमध्ये आहे. या वह्या तिच्या मृत्यूनंतर, २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात तो माणूस स्थानिक व्हिएतनामी आहे, नाव लेओ. प्रेमकथेचा मागमूस नाही. मुलीला त्याचं काही आकर्षण नाही, उलट किळसच आहे. घरात आई मारते, मोठा भाऊ मारतो, आणि सगळ्यांचं लक्ष लेओच्या पैशावर.

दुसरं रूप १९५० च्या कादंबरीत. इथं तो झाला मस्यू जो, श्रीमंत मळेवाल्याचा मुलगा. बोटात भलामोठा हिरा, बाकी माणूस बुळा. तो हिरा मुलीच्या घरी येतो. आई तो विकायला शहरात दारोदार फिरते, तर हिऱ्यात डाग निघतो!

तिसरं रूप म्हणजे १९८४ ची 'द लव्हर'. मेकाँग नदी ओलांडणारी फेरीबोट, काळी मोटार, पुरुषी फेल्ट हॅट घातलेली साडेपंधरा वर्षांची मुलगी. तो माणूस आता चिनी आहे आणि गोष्टीत पहिल्यांदाच प्रेम हा शब्द येतो. चौथं रूप १९९१ चं, 'द नॉर्थ चायना लव्हर'. 'द लव्हर'वर सिनेमा काढणाऱ्या जाँ-जाक आनो या दिग्दर्शकाशी तिचं बिनसलं, तेव्हा तिनं सरळ नवं पुस्तक लिहून काढलं. त्याच्या तळटिपांमध्ये कॅमेरा कुठे ठेवायचा याच्या सूचनाही दिल्या. आनोचा सिनेमा पुढच्या वर्षी आला. म्हणजे सिनेमा येण्याआधीच मूळ लेखिकेनं त्याला उत्तर देऊन ठेवलं होतं.

बदल का झाले? एक कारण सरळ आहे. आई हयात असताना काही गोष्टी लिहिता येत नव्हत्या. 'द लव्हर' आली तोवर आई आणि दोन्ही भाऊ या जगात नव्हते. दुसरं कारण वसाहतीतलं. गोऱ्या मुलीचं आशियाई माणसाशी नाव जोडलं जाणं ही त्या समाजात तोंड काळं करण्यासारखी गोष्ट. १९५० मध्ये त्या माणसाचा वंश धूसर ठेवणारी लेखिका १९८४ मध्ये तो उघड सांगते, याला पस्तीसेक वर्षं लागली.

पण इथं आपण वाचक म्हणून सावध राहायला हवं. 'द लव्हर'ची मुखपृष्ठं आणि सिनेमाची पोस्टरं ती रोमँटिक प्रेमकथा म्हणून विकतात. मुलगी साडेपंधराची, तो सत्तावीसच्या आसपासचा. आजच्या कायद्याच्या भाषेत याला प्रेमप्रकरण म्हणत नाहीत. पुस्तक नीट वाचलंत तर द्युरासही ते गोड करून सांगत नाही. तो तिच्या अख्ख्या घराला महागड्या हॉटेलांत जेवायला नेतो. सगळे आडवा हात मारतात, बिल तो देतो, आणि जेवण संपेपर्यंत त्याच्याशी एक अक्षर कुणी बोलत नाही. कारण तो चिनी. त्या टेबलावर गरिबी, वंशाचा माज, लाचारी आणि एका पोरीचं हरवलेलं पोरवय, सगळं एकाच वेळी बसलेलं असतं. ज्यांनी या पुस्तकात फक्त रोमान्स वाचला, त्यांनी ते टेबल वाचलंच नाही.

गणित की लेखन?

मुलीनं गणितात उच्च पदवी घ्यावी ही आईची इच्छा. मुलगी म्हणत होती, मी लिहिणार. ओळखीचं वाटतंय? विशी गाठायच्या आत मार्गरित कायमची पॅरिसला आली. तिथं तिनं कायदा आणि राज्यशास्त्र केलं, मग वसाहत खात्यात नोकरी धरली. १९४० मध्ये तिथल्या एका सहकाऱ्याबरोबर तिनं फ्रेंच साम्राज्याचे गोडवे गाणारं एक सरकारी थाटाचं पुस्तकही लिहिलं. ज्या व्यवस्थेनं आईला बुडवलं तिचीच भलामण! पुढे आपल्या पुस्तकांच्या यादीतून तिनं ते गाळलं.

तिची पहिली कादंबरी गालिमार या बड्या प्रकाशकानं नाकारली. मात्र तिथल्या रेमाँ क्नो या लेखकानं तिला लिहीत राहायला सांगितलं. १९४३ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाकडून पहिलं पुस्तक आलं तेव्हा तिनं दोनादिय हे वडिलांचं आडनाव सोडलं आणि वडिलांची मालमत्ता ज्या गावाजवळ होती त्या गावाचं नाव घेतलं: द्युरास.

लेखिका कॅमेरा हातात घेते

सिनेमाशी तिचं नाव जोडलं गेलं १९५९ मध्ये. अणुबॉम्बवर डॉक्युमेंटरी करायला निघालेल्या आलँ रेने या दिग्दर्शकाला कळून चुकलं की नुसती माहिती सांगून हे हाती लागणार नाही. त्यानं द्युरासला लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं 'हिरोशिमा मोन आमूर': एक फ्रेंच नटी, एक जपानी वास्तुविशारद, आणि दुसऱ्याचं दुःख आपल्याला खरंच कळू शकतं का हा प्रश्न. या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं.

तिच्या कादंबऱ्यांवर इतरही लोक सिनेमे काढत होते. पुढे 'महाभारत' रंगमंचावर आणणाऱ्या पीटर ब्रूकनं १९६० मध्ये तिच्या 'मोदेरातो कांताबिले'वर सिनेमा केला. त्यातल्या कामासाठी जान मोरोला कान महोत्सवात पुरस्कार मिळाला. द्युरास मात्र या सगळ्यांवर नाराज. आपण कागदावर ज्या जागा मुद्दाम मोकळ्या सोडल्या, त्या हे लोक चित्रांनी भरून टाकतात, ही तिची तक्रार. मग तिनं पन्नाशी उलटल्यावर स्वतःच कॅमेरा हातात घेतला.

पैसे? नव्हतेच. 'द सी वॉल'चे सिनेमाचे हक्क विकून तिनं पॅरिसबाहेर नोफ्ल-ल-शातो गावात एक जुनं घर घेतलं होतं. १९७२ मध्ये त्याच घरात 'नाताली ग्रांजे' शूट झाला. त्यात घरात दोन बायका आहेत, भांडी आवरणं, बाग साफ करणं चाललेलं आहे, आणि दाराशी येतो एक वॉशिंग मशीन विकणारा भांबावलेला सेल्समन. तो सेल्समन म्हणजे तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला जेरार दपार्दिय.

१९७५ चा 'इंडिया साँग' हा तिचा सगळ्यात गाजलेला सिनेमा. गोष्ट १९३७ च्या कलकत्त्याची: फ्रेंच राजदूताची बायको, लाहोरहून हाकललेला उपवाणिज्यदूत, पार्ट्या, उकाडा. आणि भिंतीबाहेर लाओसहून चालत चालत कलकत्त्याला पोहोचलेली एक वेडी भिकारीण, जी कधी दिसत नाही, फक्त तिचा आवाज येतो. गंमत अशी, की या सिनेमाची एकही फ्रेम भारतातली नाही. सगळं पॅरिसजवळच्या एका मोडकळीला आलेल्या महालात शूट झालं. शिवाय १९३७ मध्ये भारतावर ब्रिटिशांचं राज्य, राजधानी दिल्ली. कलकत्त्यात फ्रेंच राजदूत असणार कुठून? द्युरासला हे ठाऊक होतं. भारतातल्या गावांची आणि नद्यांची नावं आपण नादासाठी वापरली आहेत, असं तिनं पुस्तकातच लिहून ठेवलं. भारतीय प्रेक्षक म्हणून तुम्हाला याचा राग येऊ शकतो, आणि तो यायला हरकत नाही. आपला देश कुणाच्या तरी उदासीचा पडदा म्हणून वापरला जातो तेव्हा भिंतीबाहेरची माणसं आवाजापुरतीच उरतात. पण द्युरास तेच तर दाखवते: आतल्या गोऱ्यांना बाहेरचं जग दिसत नाही, नुसतं ऐकू येतं आणि झोप उडवतं.

तंत्र बघा. 'इंडिया साँग'मध्ये पडद्यावरच्या माणसांचे ओठ हलत नाहीत. संवाद बाहेरून येतात, कोणीतरी जुनी आठवण सांगत असल्यासारखे. आवाज एकीकडे, चित्र दुसरीकडे. पुढच्याच वर्षी तिनं कमाल केली. त्याच सिनेमाची सगळी ध्वनिपट्टी जशीच्या तशी उचलली आणि तिच्यावर त्याच महालाच्या ओसाड खोल्यांची नवी दृश्यं बसवून दुसरा सिनेमा काढला. आवाज तोच, माणसं गायब. तीच गोष्ट पुन्हा!

१९७७ च्या 'ल कामियाँ', म्हणजे 'ट्रक'मध्ये तर द्युरास आणि दपार्दिय टेबलाशी बसून पटकथा वाचतात. मधूनमधून रस्त्यावरून जाणारा ट्रक दिसतो. ट्रकमध्ये लिफ्ट मागून बसलेली बाई शेवटपर्यंत दिसत नाही. बजेट नाही, सेट नाही, म्हणून शॉर्ट फिल्म अडलेली आहे असं म्हणणाऱ्यांनी हा सिनेमा एकदा तरी बघावा. कंटाळा येईल, हे आधीच सांगतो. पण अर्ध्या तासानं ती न दिसणारी बाई तुम्हाला दिसायला लागेल.

कपाटातली वही

युद्धकाळात मार्गरित आणि तिचा नवरा रॉबेर आंतेल्म नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होते. त्यांच्या गटाचा म्होरक्या फ्रान्स्वा मितराँ, पुढे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झालेला. जून १९४४ मध्ये आंतेल्म पकडला गेला आणि छळछावण्यांमध्ये गेला. युद्ध संपताना डाखाऊच्या छावणीत मरायला टेकलेला आंतेल्म मितराँला सापडला. मित्रांनी गाडी काढून त्याला पॅरिसला आणलं. उंचापुरा माणूस, वजन ३८ किलोच्या आत. त्याची वाट बघण्याचे आणि मग त्याला चमच्या-चमच्यानं जगवण्याचे ते दिवस 'ला दूलर', म्हणजे 'वेदना', या पुस्तकात आहेत.

पुस्तक आलं १९८५ मध्ये, चाळीस वर्षांनी. नोफ्लच्या घरातल्या निळ्या कपाटांमध्ये जुनी वही सापडली, आपण ती कधी लिहिली हे आठवतही नाही, असं तिनं सांगितलं. काही अभ्यासकांनी दाखवून दिलंय की छापण्याआधी तिनं त्या मजकुरावर बरंच काम केलं होतं. म्हणजे इथंही तेच: घडलेलं, लिहिलेलं, पुन्हा लिहिलेलं.

आपल्याकडे आज उलट घाई आहे. ब्रेकअप संध्याकाळी, स्टोरी रात्री. द्युरास सांगते ते एवढंच, की पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट बहुतेक वेळा पूर्ण नसते. ती ठेवून द्या. पुन्हा काढा. कादंबरीत जमली नाही तर नाटकात बघा, नाही तर सिनेमात.

जिथं ती चुकली

पण या पद्धतीला एक कुंपण आहे, आणि द्युरासनं ते ओलांडलं. ऑक्टोबर १९८४ मध्ये फ्रान्समध्ये एका चार वर्षांच्या मुलाचा खून झाला. पुढच्या उन्हाळ्यात पोलिसांचा संशय मुलाच्या आईवर गेला. 'लिबेरासियों' या दैनिकानं द्युरासला त्या गावी पाठवलं. आईनं तिला भेट दिली नाही. तरी द्युरासनं घर बघितलं, परिसर बघितला आणि जुलै १९८५ मध्ये लेख लिहिला. खून आईनंच केला असं तिनं गृहीत धरलं, वर त्या कृत्याला उदात्त ठरवलं. संसारात कोंडलेल्या बाईचं बंड, असा काहीसा सूर. कोर्टात काहीच सिद्ध झालेलं नव्हतं. १९९३ मध्ये न्यायालयानं त्या आईवरचे सगळे आरोप दूर केले.

फ्रान्समध्ये तेव्हा मोठं वादळ उठलं, आणि ते योग्यच होतं. स्वतःच्या आयुष्याची गोष्ट चार वेळा बदलून सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. ज्या बाईला तुम्ही भेटलाही नाहीत, तिच्या आयुष्याची गोष्ट एकदाही रचण्याचा नाही. मघाची दुखावलेली आई आठवते? स्वतःच्या आईबद्दल लिहितानाच ही रेघ पुसट असते. परक्या बाईबद्दल ती अगदी ठळक असते. न्यूज चॅनेलवर, व्हॉट्सॲपवर, कॉलेज कट्ट्यावर आपण रोज कुणाची तरी गोष्ट अशीच 'समजून' घेत असतो. द्युराससारखी जातिवंत लेखिका तिथं घसरली, तर आपण किती सांभाळून बोलायला हवं!

मोठ्या लेखकांना देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. १९६० मध्ये अल्जीरियातल्या युद्धाविरोधातल्या १२१ जणांच्या जाहीरनाम्यावर सही करणारी द्युरास हीच, आणि १९७१ मध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी ३४३ बायकांच्या जाहीरनाम्यावर सही करणारीही हीच. दारूनं तिला मरणाच्या दारात नेलं आणि १९८२ मध्ये उपचार घेऊन ती परत आली. दोनच वर्षांनी तिनं 'द लव्हर' लिहिली. ज्या गोंकूर पुरस्कारानं १९५० मध्ये हुलकावणी दिली होती, तो सत्तराव्या वर्षी मिळाला. ३ मार्च १९९६ ला ती पॅरिसमध्ये गेली.

कुठून सुरुवात कराल?

'द सी वॉल': सरळ, गोष्टीवेल्हाळ कादंबरी. द्युरास अवघड आहे असं कुणी सांगितलं असेल तर हीच आधी वाचा.

'द लव्हर': शंभर-सव्वाशे पानं, एका बैठकीत होते. 'द सी वॉल'नंतर वाचलीत तर दुप्पट कळेल. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग चुकवू नका.

'हिरोशिमा मोन आमूर': फिल्म क्लबमध्ये लावण्यासारखा सिनेमा. नंतर चर्चेला तासभर राखून ठेवा.

'नाताली ग्रांजे', मग 'इंडिया साँग': याच क्रमानं. मोबाइल बंद करून आणि आवाज मोठा ठेवून. द्युरासच्या सिनेमात डोळ्यांपेक्षा कानांना जास्त काम असतं.

पुस्तकं कॉलेजच्या लायब्ररीत मिळाली नाहीत तर पुण्या-मुंबईतल्या आलियाँस फ्राँसेझमध्ये विचारून बघा. आणि हो, तो सुरुवातीचा तुमचा किस्सा आज वहीत लिहून ठेवा. तारीख घाला. पाच वर्षांनी तोच पुन्हा लिहा, आधीचं न वाचता. मग दोन्ही शेजारी ठेवून बघा, काय काय बदललंय ते.